फोकसकाका

हौशी फोटोग्राफरांच्या प्रत्येक गटात एक फोकसकाका असतात. आमच्या गटातले बँकेतून निवृत्त झालेले आहेत. अंगात भरपूर खिशांचं खाकी जॅकेट, कपाळावर चढवलेला चष्मा, गळ्यात दीडशे-सहाशेची दोन किलोंच्या आसपासची लेन्स आणि तोंडात एकच प्रश्न: "तुमचं फोकस अजून शटरवरच आहे?" विचारण्याचा सूर असा, की तुमच्या घरात अजून कंदील लावतात का हो?

झालं असं, की बऱ्याच कॅमेऱ्यांच्या पाठीवर, उजवा अंगठा सहज टेकतो तिथे, एक छोटं बटण असतं. त्यावर 'एएफ-ऑन' लिहिलेलं असतं. बहुतेक माणसं ते जन्मात दाबत नाहीत आणि त्यांचं काही अडत नाही. काकांना ते निवृत्तीनंतर सापडलं. नोकरीत असताना सापडलं असतं तर त्या शाखेचा एकही ताळेबंद वेळेवर लागला नसता.

तत्त्व सोपं आहे. साधारणपणे शटरचं बटण अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस करतो आणि पूर्ण दाबलं की फोटो निघतो. काका म्हणतात, एका बोटाकडे दोन खाती ठेवायचीच कशाला? फोकसचं काम अंगठ्याकडे द्या, फोटोचं तर्जनीकडे. पक्षी फांदीवर बसलाय? अंगठ्याने फोकस घ्या, अंगठा उचला. फोकस तिथेच थांबतं, मग चौकट हवी तशी जुळवा. पक्षी उडाला? अंगठा दाबून ठेवा, कॅमेरा त्याच्या मागे धावेल. मेनूत शिरून मोड बदलायची गरजच नाही. एवढंच आहे, आणि खरंच उपयोगाचं आहे. पण काका एवढ्यावर थांबत नाहीत. ते 1985 सालच्या मिनोल्टा 7000 पासून सुरुवात करतात, 1989 च्या कॅननच्या ईओएस 630 पाशी येतात, "तेव्हापासून ही सोय आहे, आणि तुम्ही?" असं विचारतात, आणि तोवर समोरचा खंड्या मासा पकडून, गिळून, दुसऱ्या फांदीवर गेलेला असतो.

काकूंनी एकदा भाबडेपणाने विचारलं, "पण दोन बटणं कशाला?" काका म्हणाले, "कुकरची शिट्टी आणि गॅसचं बटण एकच ठेवशील का?" त्यानंतर काकूंनी कॅमेऱ्याबद्दल विचारणं सोडलं. कुकरबद्दलही काका आता काही बोलत नाहीत.

या तत्त्वाची खरी किंमत मोजली ती कुटुंबाने. शटरवरचं फोकस बंद केलेला कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला, की तो माणूस आपला भक्तिभावाने शटर दाबतो. फोटो निघतो, पण फोकस होत नाही. काकांनी शेवटचं जिथे ठेवलं असेल तिथेच ते बसून राहतं. सुनेच्या डोहाळजेवणात काकांनी स्वतः फोटोत यायचं म्हणून कॅमेरा साडूंकडे दिला. साडूंनी सगळं केलं. "जरा हसा" म्हणाले, एक गुडघा टेकला, दहा-बारा फोटो काढले. प्रत्येक फोटोत धनुष्यबाण घेतलेली सून धूसर, ओटी भरणाऱ्या बायका धूसर, काका धूसर, आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र इतकं लख्ख की संकष्टी कधी आहे ते वाचता यावं. काकांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "लेन्स शार्प आहे हं!" साडू तेव्हापासून त्यांच्याकडे आले की हात खिशात ठेवतात. काकांच्या घरातल्या अल्बमांत काका स्पष्ट दिसतील असा फोटो बटण सापडण्यापूर्वीचा आहे. त्यात त्यांना केस आहेत.

पण "काका, फोकस होत नाहीये" हे चार शब्द कानावर पडले की या माणसाचा चेहरा जो उजळतो, तो पाहण्यासारखा असतो. डॉक्टरला दुर्मीळ रोग भेटावा तसा नाही, दूरच्या भाच्याचं लग्न ठरावं तसाही नाही; निव्वळ आनंद. पुण्याजवळच्या कवडीपाटला रविवारी सकाळी पाण्यापेक्षा काकांभोवती गर्दी जास्त असते. ते कॅमेरा हातात घेतात, पण साधं काही विचारत नाहीत. थेट मेनूच्या तिसऱ्या पायरीखालच्या चौथ्या उपमेनूत उतरतात. "कस्टम बटण कुणी बदललं? एरिया मोड हा? फर्मवेअर कुठलं?" एका मुलीला व्ह्यूफाइंडरमधून सगळं अंधूक दिसत होतं. काकांनी तिची सगळी फोकस-व्यवस्था नव्याने रचून दिली. मग लक्षात आलं की फोटो मुळातच स्वच्छ येत होते. व्ह्यूफाइंडरशेजारचं डायॉप्टरचं चाक तेवढं बॅगेत फिरलं होतं. नव्या रचनेनंतर मात्र स्वच्छ फोटो येईनासे झाले.

तरी माणूस उदार आहे, हे म्हटलंच पाहिजे. पुण्यात फुकटचा सल्ला घेणाऱ्याला शक्यतो खजील करूनच दिला जातो. काका चहासुद्धा पाजतात. एकदा त्यांचा स्वतःचा कॅमेरा सफाईला दिला होता, आणि तिथल्या मुलाने परत देताना सगळी सेटिंग्ज जशी खोक्यातून आली तशी करून टाकली. आठवडाभर काका फोन उचलत नव्हते. भेटायला गेलेल्यांनी आवाज खाली ठेवला होता.

पक्षी त्यांना आवडतात का, याबद्दल मला शंका आहे. काठावरचा बगळा त्यांना फार प्रिय, कारण तो हलत नाही आणि त्याच्या डोळ्यावर फोकस तपासता येतं. नदीसुरयही आवडतो, कारण तो फार हलतो. मधले पक्षी त्यांच्या लेखी नाहीत.

या हिवाळ्यात गट भिगवणला गेला. कुंभारगावच्या काठावरून होडी उजनीच्या पाण्यात शिरली, ऊन अजून कोवळं होतं, आणि रोहित पक्ष्यांचा थवा उडाला. होडीत एकच खडखडाट. काकांचा अंगठा बटणावर, बटण दाबलेलं, आणि समोर नुसता गुलाबी धूर. काकांनी बटण बदलून पाहिलं. मोड बदलला. बॅटरी काढून परत घातली. मग मांडी घालून मोबाइलमध्ये उतरवलेलं मॅन्युअल उघडलं. लेन्सकडे त्यांनी पाहिलं नाही. लेन्सला मेनू नसतो.

बांबू रेटता रेटता होडीवाला म्हणाला, "काका, त्या नळकांड्याच्या अंगावरचं बारकं बटन बघा. आटोवर हाय का म्यानवलवर?"

ते मॅन्युअलवर होतं. बॅगेतून काढताना सरकलं असणार.

"मागल्या रविवारी एक डॉक्टर आलते," होडीवाला सांगू लागला, "त्यांचंबी असंच. पार जपानला मेल करायच्या तयारीत हुते."

काका काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी त्याचा नंबर घेतला, आणि उतरल्यावर त्याला बाजूला नेऊन बराच वेळ काहीतरी समजावलं. सोमवारी गटावर त्यांचा अकरा मिनिटांचा आवाजी संदेश आला: 'भिंगावरील स्विचचे दुर्लक्षित महत्त्व'. त्यात होडीवाल्याचा उल्लेख 'माझे भिगवणचे एक सहकारी' असा होता, आणि सहकाऱ्यांचं फोकस आता अंगठ्यावर आहे असंही सांगितलं होतं. होडीवाल्याकडे कॅमेरा नाही.