बेचाळीस शब्दांची चिठ्ठी

तंजावरला जायचं ठरलं तेव्हा बायकोने सुती साड्या काढल्या आणि मी चिठ्ठी लिहायला घेतली. तिथल्या बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. तो वाचायची चिंता नव्हती, मराठीच तर होता. चिंता जेवणाची होती.

पवनंदी या जैन वैयाकरणाने तेराव्या शतकातल्या ‘नन्नूल’मध्ये तमिळमधले एकाक्षरी शब्द मोजले आणि ते ४२ भरले. मी खूश झालो. एका अक्षरात चूक होऊन होऊन किती होणार? आ म्हणजे गाय, ई म्हणजे माशी. कै म्हणजे हात. आपल्याकडे नावाआधी ‘कै.’ लागलं की सगळ्यांनी हात टेकलेले असतात. पू म्हणजे चक्क फूल. ती म्हणजे आग, पण हे मी बायकोला वाचून दाखवलं नाही. शिवाय अण्णा आणि अक्का आपण दक्षिणेकडूनच घेतलेले, म्हणजे अर्धी भाषा येतेच, असा माझा हिशेब.

खाणावळीत वाढायला सत्तरीचे आजोबा होते. रस्समचा पहिला भुरका घेतला आणि तोंडून ‘वा!’ निघालं. आजोबा परतले, पुन्हा रस्सम वाढलं. काय अगत्य! ‘वा, वा!’ पुन्हा रस्सम. चौथ्या वेळी पानावरून ओघळ मांडीवर आला, तेव्हा चिठ्ठी पाहिली. वा म्हणजे ये. तोही एकेरी. बापाच्या वयाच्या माणसाला मी मघापासून ‘ए, ये इकडे’ करत होतो.

ओशाळून नजर वर केली तर डोक्यावर भिंतीला पाल. ‘पाल! पाल!’ मी किंचाळलो. आजोबांनी लगबगीने गरम दुधाचा पेला आणून ठेवला. शेजारच्या पानावरच्या गृहस्थांनी इंग्रजीत समजावलं की पाल म्हणजे दूध. (शब्द दोन अक्षरी, तेव्हा चिठ्ठीला दोष नाही.) घाबरलो की माझ्यातला रत्नागिरीकर उठून बसतो. ‘नाय, नाय!’ करत मी पेला सरकवला, तसा गल्ल्यावरचा पोरगा काठी घेऊन दारात धावला. नाय म्हणजे कुत्रा.

आता आजोबांनी लोटा पुढे करून विचारलं, ‘मोर?’

राष्ट्रीय पक्षी, आणि तोही लोट्यात! मी थरथरत चिठ्ठी चाळली आणि हाताशी आलेला पहिला उपयोगी शब्द ठणकावला, ‘पो!’

म्हणजे जा. हाही एकेरीच. आजोबा गेले. लोट्यात आलं-कढीपत्ता घातलेलं थंडगार ताक होतं.

ते बायको प्यायली, दोन लोटे. मग तिने शेजाऱ्यांचं पाहून पान स्वतःकडे दुमडलं. आजोबांनी प्रसन्न मान हलवली. अख्ख्या जेवणात तिने एक अक्षर उच्चारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिलालेखापुढे उभे राहिलो. बायको म्हणाली, ‘वाचा की. मराठीच आहे ना?’

मी चष्मा लावला, पुसला, पुन्हा लावला. दुसऱ्या ओळीत अडकलो, पहिलीही नीट लागली होती असं नाही. तरी मान डोलावली आणि जाणकाराच्या सुरात म्हणालो, ‘वा! वा!’

मागून पहारेकरी आला.