दोरीवर मडगार्ड

अहो वहिनी, जरा भिंतीजवळ या, मोठ्यानं बोलता येत नाही. कालपासून तुमच्याकडेही परत थिनरचा वास येतोय ना? समोरच्यांच्या धाकट्याचे उद्योग!

बापाची ती सीडी हंड्रेड आहे ना, 1985 साली हीरो होंडानं काढलेली, तसली. इंजिन ठणठणीत, पण टाकीचा लाल रंग उन्हानं पार गुलाबी पडलेला. गॅरेजवाल्यानं सहा हजार सांगितले. पोरगं म्हणालं, मीच रंगवतो. पैसे वाचतायत म्हटल्यावर बापानं लगेच मान डोलावली. त्यांचा हात किती सैल आहे ते गणपतीच्या वर्गणीला बघतोच की आपण.

पण पोराला अक्कल आहे हो. मी गच्चीवरून बघत होते. मुद्दाम नाही, पापड वाळत घातले होते! टाकी, साइडची कव्हरं, सगळं सुटं केलं. मडगार्ड आईच्या कपड्यांच्या दोरीला तारेनं टांगलं, आजीच्या नऊवारीला लागून! आजी त्याच्याशी बोलायचीच बंद झाली. आधी खरखरीत पॉलिश पेपर, मग चारशेचा. टाकीला पोचा होता तिथं लांबी भरली, ती वाळल्यावर परत घासली. त्यावर प्रायमर, आणि मग पाणी टाकत टाकत आठशेचा वॉटर पेपर. बोटांची सालं निघालीत बिचाऱ्याच्या. माझा भाऊ मिरजेला गॅरेजात रंगकाम करायचा, त्याचाही जन्म घासण्यातच गेला. रंगाचं काम त्या मानानं तासाभराचं.

स्प्रेचा डबा तीनेकशेला एक. वीतभर लांब धरून पातळ हात द्यायचा, तो सुकला की दुसरा. घाई केली की ओघळ आलाच. डाव्या कव्हरावर आहे एक. बापाला अजून दिसला नाही, तुम्ही बोलू नका. रंग मात्र लालच ठेवला, ते बरं केलं. आरसीवर लाल लिहिलंय, बदलला असता की आरटीओच्या चकरा आल्या.

मी ओरडले ते एकदाच. रिकामी केलेली टाकी ठेवली कुठं, तर पेटत्या बंबाशेजारी! पेट्रोल काढलं तरी आत वाफ राहते की. तशी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट.

आणि खरी गंमत तर पुढंच. गाडी काय चमकली म्हणून सांगू! स्वारी ऐटीत पंपावर गेली, नळी काढताना दोन थेंब टाकीवर पडले, आणि झाकणाभोवतीच्या रंगाला सायीसारख्या सुरकुत्या! वरून साधा क्लिअर मारला होता ना, स्वस्तातला. पेट्रोलपुढं तो टिकत नाही. हार्डनरवाला लागतो, तो महाग. म्हणजे घासा परत पहिल्यापासून. म्हणून तर कालपासून पुन्हा हा वास.

आईनं नाकाला ओला रुमाल बांधून दिलाय. रुमालानं काय होतंय? हार्डनरचा वाफारा छातीत जातो, त्याला डबीवाला मास्कच हवा. माझा भाऊ आज जिना चढताना तीनदा थांबतो. मी आमचा जुना मास्क नेऊन देणार होते, पण त्यातल्या डब्या कधीच संपल्यात, नुसत्या शोभेला काय द्यायचा. बापाला म्हणावं, तेवढे पैसे सोडा आता.

आणि हे ऐकलंत का? त्याचा तो बुलेटवाला मित्र, केसांचा तुरा काढलेला, तो म्हणतोय माझीही रंगव, मिलिटरी हिरवी. अहो, तो ऑलिव्ह रंग लष्कराशिवाय कुणाच्या गाडीला चालत नाही. 1989 च्या मोटार वाहन नियमांत आहे तसं, 121 नंबरचा नियम. भावानं त्यापायी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलंय. तुम्ही आज चैत्रातल्या हळदीकुंकवाला जाणार ना त्यांच्याकडं? मास्कचं आणि हे, दोन्ही सहज कानावर घाला. माझं नाव तेवढं मधे आणू नका.