गुरु, माझ्या सत्त्याण्णवचं काय झालं?

बनारसच्या लंका चौकातल्या चहाच्या टपरीवरील सर्वज्ञ गुरूंना,



बनारसमध्ये पानवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत जो तो समोरच्याला ‘गुरु’ म्हणतो. म्हणून तुम्हालाही म्हटलं, गैरसमज नसावा.

राज्यशास्त्राच्या पीएच.डी.ला कोणाचा नंबर लागणार, हे तुम्ही बनारस हिंदू विद्यापीठाच्या सिंहद्वारासमोरच्या बाकावर बसल्या बसल्या सांगता. तुमची स्वतःची पीएच.डी. कुठवर आली, हे विचारायची तिथे पद्धत नाही.

18 जून 2024 ला यूजीसी-नेटचा पेपर देऊन मी थेट तुमच्याकडेच आले होते. दीडशे प्रश्न, तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे मी एकही गोल कोरा सोडला नव्हता. तुम्ही प्रश्नपत्रिकेवरून बोट फिरवलंत, रिकामा कुल्हड बाकाखाली आपटलात आणि म्हणालात, ‘बिटिया, हो गया समझो.’ दुसऱ्याच दिवशी सरकारने ती परीक्षाच रद्द केली. नऊ लाखांहून अधिक मुलं ना पास, ना नापास. तुमचं भाकीत तेवढं शाबूत होतं.

परीक्षा पुन्हा झाली. जेआरएफ ही संशोधनवृत्ती थोडक्यात हुकली, म्हणजे दरमहा 37 हजारांवर पाणी सोडलं. पण 97 पर्सेंटाइल मिळाले. तुम्ही माझा मोबाइल हातात घेऊन तो आकडा दोन बोटांनी मोठा केलात, शेजारच्या दोघांना दाखवलात आणि जाहीर केलंत, ‘पक्का!’

गुरु, तो हिशेब आज टपरीवर नाही, कागदावर मांडू. 2024 पासूनच्या नियमाने जेआरएफवाल्यांचं दार वेगळं, त्यांची निवड मुलाखतीवर. आम्हा बाकीच्यांचे 70 टक्के नेटचे आणि 30 मुलाखतीचे. 97 चे सत्तर टक्के 67.9, आणि 90 वाल्याचे 63. फरक 4.9. मुलाखतीत पाच गुण इकडचे तिकडे झाले की माझे सात पर्सेंटाइल गंगार्पण! हा गुणाकार सातवीतल्या पोराला जमतो. तुम्ही मात्र तीन चहा होईपर्यंत फक्त आकडाच मोठा करून बघत होतात.

आणि जागा? प्राध्यापकाला एका वेळी आठ संशोधक घेता येतात, सहयोगीला सहा, सहायकाला चार. आधीचा कोणी प्रबंध देऊन बाहेर पडल्याशिवाय पुढच्याला आत शिरता येत नाही. म्हणजे माझी स्पर्धा माझ्यासारख्यांशी नव्हतीच. ती होती सहा वर्षं प्रबंध रखडवून बसलेल्या कोणा अनोळखी दादाशी. माझ्या विषयाच्या सरांकडे जागा रिकामी नव्हती. हे मला नोटीस बोर्डावर कळलं, तेही अर्ज भरल्यावर. मुलाखतीत सगळे सौजन्याने वागले, विषय चांगला आहे म्हणाले आणि विचारलं, ‘पण करणार कोणाकडे?’

विषयाचंही तुम्ही काय केलंत, आठवतं? मला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेवर काम करायचं होतं. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या काही गावांपैकी ते एक. माझ्या मावशीच्या घरापासून दीड तासावर. ‘इहाँ कौन पढ़ेगा?’ म्हणून तुम्ही तो निकालात काढलात आणि तुमचा हुकमी विषय सुचवलात: ‘भारत आणि अमुक देश: संबंध, आव्हाने, संभावनाएँ.’ देश कोणता, तर तुम्ही म्हणालात, जो खाली असेल तो. जागा रिकामी आहे का हे बघायचं सोडून तुम्ही रिकामा देश शोधत होतात!

आमच्या पैठणच्या एकनाथांनी भागवतावरची टीका 1573 मध्ये याच काशीत पूर्ण केली. ती मराठीत लिहिली म्हणून इथल्या पंडितांनी आधी त्यांना धारेवर धरलं, असं सांगतात. पण त्या कथेतल्या पंडितांनी निदान ग्रंथ तरी वाचला. माझ्या विषयाच्या टिपणाची अकरा पानं तुमच्या बाकावर महिनाभर होती. परत मिळाली तेव्हा पहिल्या पानावर कचोरीचं तेल होतं आणि उरलेली दहा कोरी करकरीत.

रस्ता रुंद करायचा म्हणून जून 2025 मध्ये लंकेवरची चाचीची कचोरी गेली, पहलवानाची लस्सी गेली. नावाजलेली दुकानं एका रात्रीत भुईसपाट झाली. तुमचं नशीब मोजायचं दुकान त्यातून कसं वाचलं, याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

असो. तुमचे चौदा चहा माझ्या नावावर आहेत, ते मी काल चुकते केले. पंधरावा मागू नका. पुढच्या महिन्यात चंद्रपूरची एक मुलगी अर्जासाठी येते आहे, तिला मीच तुमचा पत्ता दिला आहे. तिचा मोबाइल हातात घेऊ नका. तिला एवढंच विचारा, तुझ्या सरांकडे जागा आहे का? आणि अकरा पानं वाचायला जमणार नसतील, तर निदान त्यांवर कचोरी ठेवू नका.

आपली,
पक्की झालेली बिटिया