दांडीचं दाक्षिण्य

गाडीतल्या बहुतेक भागांचं नातं आपल्या स्वार्थाशी असतं. इंजिन बसलं की आपण अडकतो, ब्रेक लागेनासे झाले की आपल्या जिवाशी गाठ, सीट फाटली की स्प्रिंग आपल्याच पाठीला टोचते. म्हणून त्यांची दुरुस्ती वेळच्या वेळी होते. स्टिअरिंगखालची इंडिकेटरची दांडी मात्र निव्वळ परोपकारी. आपण कुठे वळणार हे आपल्याला ठाऊकच असतं. दिवा लुकलुकतो तो मागच्यासाठी. साहजिकच ती मेली की मालक म्हणतो, "चालतंय की!" आणि खरंच चालतं. हाल व्हायचे ते मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचे होतात.

तशी ही दांडी काही उगाच मरत नाही. महाड-पोलादपूरकडे तिचा छळच असा होतो, की ती इतकी वर्षं तगते याचं नवल वाटावं. जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगखालच्या या दांडीच्या स्विचमधूनच जातो. 60 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर पेटले, की नखाएवढ्या तांब्याच्या पत्रीतून 10 अँपिअर धावतात. त्यात पोलादपूरहून रात्री आंबेनळी घाट चढायचा. प्रत्येक आंधळ्या वळणावर अप्पर, डिपर, अप्पर, डिपर. दर वेळी आत बारीक ठिणगी पडते, पत्रीवर काजळी धरते, प्लास्टिक मऊ होतं. विलायतेत समोरच्याने दिवा मारला तर त्याचा रिवाजाने अर्थ होतो, 'या, आधी तुम्ही.' आपल्याकडे अर्थ होतो, 'मी येतोय, तिथेच थांब.' चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी असा नियम आहे, पण तोही समोरच्याला डिपर मारूनच कळवावा लागतो. मग करंट दोन्हीकडून खर्च होतो.

उरलेलं काम सावित्री नदी करते. ती महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि येताना सह्याद्रीची सगळी ओल बरोबर आणते. मोठ्या पुरात ती बाजारपेठेत शिरते, तेव्हा उभ्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये गाळ बसतो. पूर नसला तरी पावसाळाभर हवा इतकी दमट, की पापड नरमतात आणि तांबं हिरवं पडतं.

अशी गाडी वायरिंगवाल्या मिस्त्रींकडे नेली, की ते आधी बॅटरीची निगेटिव्ह काढतात. मग हॉर्नचं झाकण, मग मधला नट. स्टिअरिंग उपसण्यापूर्वी चाकावर आणि दांड्यावर खडूची एक रेघ मारतात. ती चुकली तर गाडी सरळ जाते आणि चाक मात्र कायम तिरकं. (एअरबॅगवाल्या नव्या गाडीत घरच्या घरी ही हौस करू नये.) स्विच उघडताना ते खाली फडकं अंथरतात, कारण आत स्प्रिंगवर बसलेली मोहरीएवढी पोलादी गोळी असते. दांडीला 'टक' असा ठाम आवाज तिच्यामुळे येतो, आणि उडाली की ती गॅरेजातल्या सर्वांना गुडघ्यांवर आणते. पत्र्या झिरो पेपरने घासायच्या, पेट्रोलने धुवायच्या, बोटभर व्हॅसलिन लावायचं. शहाणा मिस्त्री जाता जाता हेडलाइटला एक रिले जोडून देतो. मोठा करंट मग रिलेतून जातो आणि स्विचकडे नुसता हुकूम सोडण्याचं काम उरतं.

मला सर्वांत आवडतो तो आतला प्लास्टिकचा कॅम. वळण संपून चाक सरळ झालं, की त्याचा दात दांडीला ढकलतो आणि इंडिकेटर आपोआप बंद होतो. सांगायचं ते सांगून झालं, आता गप्प बसा, एवढंच त्याचं म्हणणं. हा दात तुटलेली गाडी नातेखिंडीत रायगडाकडे वळते आणि थेट पाचाडपर्यंत उजवीकडे वळतेच आहे असं जगाला सांगत राहते. समारंभात आभार मानायला उभा राहिलेला गृहस्थ माइक सोडत नाही, तसं. मागचा बिचारा ती आता वळेल, मग वळेल म्हणून अंतर राखून येतो.

"इंडिकेटर नसला म्हणून काय झालं? हात आहे की," असं म्हणणारे भेटतात. शास्त्रात तशी सोय आहेही. उजवीकडे वळायचं तर उजवा हात सरळ बाहेर. डावीकडे वळायचं तर तोच उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट फिरवायचा. आषाढात कशेडी घाट चढताना काच खाली करून कुणी हे करून दाखवावं. हात बाहेर जाण्याआधी पाऊस आत येतो.

मग या भागातल्या गाड्यांचे इंडिकेटर दुरुस्त होतात तरी कसे? त्याचं उत्तर मृगाच्या आधीच्या आठवड्यात गॅरेजबाहेर लागलेल्या रांगेत आहे. त्यातला एकही जण इंडिकेटरसाठी आलेला नसतो. सगळे वायपरसाठी आलेले असतात. वायपर हा शंभर टक्के स्वार्थाचा भाग. तो बंद पडला तर स्वतःलाच दिसत नाही. पण बनवणाऱ्याने वायपरची दांडी आणि इंडिकेटरची दांडी एकाच जुडग्यात बसवली आहे. एकीसाठी उघडलं की दुसरी समोर येतेच.

"काका, इंडिकेटर राहू दे हो. वायपरचं तेवढं बघा."

"उघडलंय तर तोही करतो. त्याचे वेगळे नाही घेत."

फुकट म्हटल्यावर मालकही हरकत घेत नाही. असा आमच्या तालुक्यांतला रस्त्यावरचा शिष्टाचार दर जूनमध्ये नव्याने सुरू होतो, आणि त्याचं श्रेय वाहतुकीच्या फलकांपेक्षा पावसालाच अधिक द्यावं लागतं. तिकडे कोरड्या मुलखात गाड्या इंडिकेटरविना का वळतात, हे मला आता कळतं. त्यांचे वायपर चांगले असतात.