एक शंका आहे

आमच्या पाळकसाहेबांना वर्षातून दोन गोष्टींची धास्ती असते. नाताळच्या रात्री वीज जाण्याची आणि वार्षिक सभेत अण्णा उभे राहण्याची. पहिलीवर जनरेटर आहे.

अण्णा एकदम उभे राहत नाहीत. आधी डावा हात पुढच्या बाकाची पाठ धरतो. मग कपाळावरचा चष्मा नाकावर उतरतो. खिशातून रबरबँड लावलेली डायरी निघते आणि रबरबँड मनगटावर चढतो. एवढं होईतो खजिनदारांच्या घशाला कोरड पडलेली असते. मग कुणाच्याही अंगावर न जाता, अगदी सौम्य आवाजात अण्णा म्हणतात, "जय ख्रिस्त, साहेब. एक शंका आहे."

ती एक कधीच नसते.

अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. नगर-पुणे, नगर-पाथर्डी, नगर-शेवगाव अशी उभी हयात त्यांनी उभ्याने काढली. या नोकरीत माणूस दोन गोष्टी शिकतो: मोजणं आणि मोजलेलं जुळवणं. रात्री डेपोत शिरल्यावर तिकिटं, वेबिल आणि रोकड यांचा मेळ बसला नाही, तर फरक स्वतःच्या खिशातून भरायचा. त्यामुळे 'सुमारे', 'अंदाजे', 'बहुसंख्य' असले शब्द कानावर आले की अण्णांचा हात आपोआप खिशाकडे जातो. पैशाच्या नव्हे, डायरीच्या.

देवळात त्यांची जागा ठरलेली आहे. शेवटचा बाक, दाराजवळचा कोपरा. उपदेशाआधीचं गीत सुरू झालं की सगळे उभे राहतात, तेव्हा अण्णा पुरुषांची बाजू मोजतात. दुसऱ्या कडव्याला बायकांची. शेवटच्या कडव्याला शब्बाथ शाळेची पोरं. पाच ते बाराची वेगळी, कारण एस.टी.त ती अर्ध्या तिकिटात बसतात. उपदेश अर्धा झाल्यावर येणारे 'मधेच हात दाखवून चढलेले' आणि आशीर्वादाआधी सटकणारे 'स्टँड यायच्या आत उतरलेले'. दोघांसाठी डायरीत वेगळे रकाने आहेत.

उत्तम शुक्रवारी बारा ते तीनच्या उपासनेत क्रुसावरच्या सात वचनांवर सात वक्ते बोलतात. लोक डोळे पुसत असतात तेव्हा अण्णा घड्याळ बघत असतात. पुढच्या सभेत ते सांगतात, "चौथ्या वचनाला सत्तावीस मिनिटं लागली. त्यामुळे सातव्याला चारच उरली. गाडी वेळेवर पोचवायची म्हणून शेवटचे थांबे गाळले, असं झालं." ते चौथे वक्ते सभेत समोरच बसलेले असतात. अण्णांना त्याचं काही वाटत नाही. त्यांचा राग माणसावर नसतोच, तो वेळापत्रकासाठी असतो.

आमची वार्षिक सभा उपासनेनंतर भरते आणि सभेनंतर प्रीतिभोजन असतं. दोन्हींची वेळ अशी जमवलेली आहे की सेक्रेटरी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला लागले की मागच्या अंगणात मटणाला फोडणी बसते. रश्श्याचा वास आत आला की बहुतेकांना ताळेबंद बरोबर वाटायला लागतो. कितीतरी मंजुऱ्या आम्ही या वासावर मिळवल्या आहेत. अण्णा मात्र सकाळीच भाकरी खाऊन येतात.

अहवाल पाळकसाहेब स्वतः लिहितात आणि त्यांना इतिहासाची आवड आहे. अहवाल गेल्या वर्षाचा असला तरी तो निघतो १८१३ सालातून, अमेरिकन मिशनरी मुंबईच्या किनाऱ्याला लागले तिथून. १८३१ साली तो नगरला येतो. १८४२ साली इथे 'ज्ञानोदय' सुरू होतो, १८९५ साली नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा होतो आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन होते. तोवर पंखे असूनही लोक अहवालाच्या प्रतीने वारा घेत असतात. एका वर्षी टिळकांचा बाप्तिस्मा व्हायच्या आतच अण्णा उभे राहिले.

"साहेब, एक शंका आहे. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. आम्हाला त्याचा फार अभिमान. पण मी ते रोज वेबिलावर लिहीत नव्हतो."

त्या वर्षापासून अहवाल १९७० पासून निघतो. नगरच्या ख्रिस्ती इतिहासातून एकशे सत्तावन्न वर्षं वगळण्याचं श्रेय एकट्या अण्णांचं.

खरं तर अण्णांना असं बोलायची मुभा त्याच इतिहासाने दिली. नगरला आलेले मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे. वरून हुकूम सोडायचा नाही, प्रत्येक मंडळीने आपल्या सभेत आपलं ठरवायचं, ही त्यांची रीत. पुढे बिशप आले, घटना आली, छापील नमुने आले, पण सभेत उभं राहून विचारायची खोड काही गेली नाही. पाळकसाहेबांनी हे एकदा अहवालात लिहिलंही होतं. अण्णांमुळे ते गाळावं लागलं.

इतिहास गाळल्यावर उरते ती कृपा. "देवाच्या कृपेने छपराची दुरुस्ती पूर्ण झाली. देवाच्या कृपेने नवी साउंड सिस्टीम आली. काही अपरिहार्य कारणास्तव शब्बाथ शाळेची सहल जाऊ शकली नाही." सगळी सभा मान डोलावते. अण्णा डायरीवरून नजर वर करतात.

"जे झालं ते देवाने केलं. जे नाही झालं ते कारणाने. मग कमिटीने काय केलं?"

याला उत्तर नसतं. कमिटी छताकडे बघते, म्हणजे कृपेने दुरुस्त झालेल्या छपराकडे.

हजेरीचंही तसंच. अहवालात येतं, "रविवारच्या उपासनेला सरासरी दोनशे भाविक." अण्णा सांगतात, "एकशे त्रेचाळीस. नाताळ आणि ईस्टर धरून एकशे एकावन्न. पण त्या जादा गाड्या, त्या सरासरीत धरू नयेत." तरुण संघाचा अहवाल आला की ते अध्यक्षांची जन्मतारीख विचारतात. अध्यक्षांचा मुलगा यंदा दहावीला होता.

"अण्णा, तुम्हीच खजिनदार व्हा," असं दर निवडणुकीला कुणीतरी वैतागून सुचवतं. लगेच दहा-बारा अनुमोदक मिळतात, कारण खुर्चीवर बसलेला माणूस प्रश्न विचारत नाही, हा सर्वांचा अनुभव. अण्णाही तो ओळखून आहेत. "लाइन चेकिंगवाला कधी तिकिटं फाडतो का?" असं म्हणून ते खाली बसतात.

एवढं वाचून अण्णा खडूस आहेत असं वाटेल. तसं सर्वांना वाटतंच. पण मोजणाऱ्या माणसाला रिकामी जागाही दिसते. मागे एकदा उपासना सुटल्यावर दारात हात मिळवताना ते पाळकसाहेबांना म्हणाले, "बायकांच्या बाजूचा तिसरा बाक, भिंतीकडची सीट. चार रविवार रिकामी आहे." पाळकसाहेब संध्याकाळी गेले, तर त्या सीटवरच्या मावशी न्हाणीत घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, मुलगा पुण्याला, शेजारीण दोन वेळचं आणून द्यायची. नंतर महिला मंडळाने पाळी लावली, तरुण संघाच्या त्या वयस्कर अध्यक्षांनी गाडी दिली, मावशींचं ऑपरेशन झालं. त्या वर्षीच्या अहवालात 'आजाऱ्यांच्या भेटी' हे सदर चांगलं लांबलचक होतं. अण्णांनी त्यावर शंका काढली नाही. एकच भेट दोनदा धरलेली नाही ना, एवढं फक्त पाहिलं.

आता कोंबड्याचं.

कापणीच्या सणाला आमच्याकडे लोक आपल्या प्रथमफळाचं दान आणतात. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, लोणच्याच्या बरण्या, घरी केलेला केक आणि जिवंत कोंबड्या. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो. लिलावात आमची मंडळी वेगळीच होते. एरवी दानपेटीत दहाची नोट घडी घालून टाकणारा माणूस अर्धा डझन अंड्यांना पाचशे बोलतो, टाळ्या पडतात. कुणी भोपळा घेतो आणि तिथल्या तिथे परत देवाला देतो. तो पुन्हा लिलावात येतो. एका वर्षी एकच भोपळा चारदा विकला गेला, तेव्हा अण्णांची शंका होती, "आवक एक, विक्री चार. स्टॉक जुळत नाही."

यातली मेख अशी की लिलाव तोंडी असतो. बोली मोठ्याने होते आणि पैसे सावकाश येतात. काही येतच नाहीत. ताळेबंदात 'कापणीचा सण, येणे' अशी एक ओळ असते आणि ती दर वर्षी थोडी जाडजूड होते. ज्यांच्याकडे येणे त्यातले निम्मे कमिटीत असल्यामुळे ती ओळ नेहमी भरभर वाचली जाते.

गेल्या सालच्या सभेत अण्णा याच ओळीवर उभे राहिले.

"साहेब, एक शंका आहे. सणाला कोंबडे आले तीन. त्यातला एक माझ्या घरचा. त्याला बोलीच लागली नाही, म्हणून तो परत आला. आजही माझ्या खुराड्यात आहे, पहाटे चारला ओरडतो. इथे तर विक्री तीन दाखवली आहे. न विकलेला कोंबडा विकलेला कसा?"

सेक्रेटरी कागदात डोकं खुपसून म्हणाले, "अण्णा, ते आपण नंतर बोलू."

"नंतर नको. हिशेब सभेत आलाय, खुलासा सभेत व्हावा."

"अण्णा, जेवताना सांगतो ना."

"जेवताना हिशेब होत नाहीत."

एव्हाना बायकांच्या बाजूला पदर तोंडाशी गेले होते. देवळात ज्याला ठाऊक नव्हतं असा माणूस एकच होता आणि तो उभा होता. शेवटी बायकांच्या बाजूने काकू उठल्या.

"अहो, तो मीच घेतला."

घडलं होतं ते असं. काकूंनी अंड्यातून निघाल्यापासून वाढवलेला तो तुरेबाज कोंबडा. देवाला द्यायचा म्हणून मन घट्ट करून दिला. अण्णा तेव्हा मागच्या अंगणात भाड्याच्या पातेल्यांची मोजदाद करत होते. इकडे दोन पोरं बोली चढवत चढवत त्याचा रस्सा लाल करायचा की काळा, यावर बोलायला लागली. काकूंना ऐकवेना. त्यांनी हात वर केला तो अकराशे रुपयांवर खाली आला. मग पिशवीत घालून कोंबडा घरी आणि अण्णांना सांगितलं, बोलीच लागली नाही. त्यावर त्या रात्री अण्णा हळहळलेही होते, "एवढा देखणा कोंबडा, नि कुणी विचारेना! मंडळीचं काही खरं नाही." अकराशे कुठून द्यायचे हे काकूंना सुचेना. घरखर्चाची वहीही अण्णाच लिहितात.

सभा खदखदून हसली. पाळकसाहेबसुद्धा रुमालात हसले. इतक्या वर्षांचं सगळं वसूल झालं. अण्णा मात्र डायरीत बघत राहिले. पेन काढलं, एका ओळीवर सावकाश काट मारली, रबरबँड लावला आणि पाकीट काढलं.

"विनातिकीट प्रवास," ते म्हणाले. "महामंडळाचा नियम आहे. चुकवलेलं भाडं, आणि वर त्याच्या दुप्पट किंवा शंभर रुपये, जे जास्त असेल तो दंड. अकराशे आणि बावीसशे. तेहेतीसशे होतात. आत्ता पाचशे घ्या, बाकीचे उद्या. पावती द्या."

"अण्णा, दंड कशाला!" पाळकसाहेब गहिवरून म्हणाले.

"माझ्या घराला लावला, आता मला बोलता येईल. मी ठराव मांडतो. कापणीच्या सणाचं येणे ज्यांच्याकडे आहे, त्या सर्वांना हाच नियम लावावा."

हसू जागच्या जागी थांबलं. मागच्या अंगणात कुणीतरी पातेल्यावर झाकण ठेवलं, ते आत ऐकू आलं. कमिटीतल्या एकाने धीर करून म्हटलं, "ठरावाला अनुमोदक लागतो."

"माझं अनुमोदन," काकू म्हणाल्या.

पाळकसाहेबांनी ताबडतोब डोळे मिटले. "प्रार्थना करू या." प्रार्थनेच्या मध्यावरच ठराव महिन्याभराने भरणाऱ्या विशेष सभेकडे सोपवला गेला. प्रार्थनेत हरकत घेता येत नाही, हे पाळकांच्या हातातलं एकच हत्यार आणि ते त्यांनी वेळेवर काढलं.

ती विशेष सभा झालीच नाही. गरजच पडली नाही. पुढच्या चार रविवारी दानपेटीत जाड पाकिटं पडत गेली. कुणावर 'अंडी' लिहिलेलं, कुणावर 'भोपळा, दुसऱ्यांदा', कुणावर नुसताच आकडा. तीन वर्षांपूर्वीच्या केकचेही पैसे आले. महिनाअखेर खजिनदारांनी येणे रक्कम शून्य लिहिली आणि शून्य बरोबर आहे ना हे अण्णांकडून तपासून घेतलं.

परवा यंदाची सभा झाली. पाळकसाहेबांनी खड्या आवाजात वाचलं, "देवाच्या विशेष कृपेने कापणीच्या सणाची सर्व येणेबाकी वसूल झाली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत डावा हात पुढच्या बाकावर आला होता, चष्मा खाली उतरला होता, रबरबँड मनगटावर चढला होता.

"जय ख्रिस्त, साहेब. एक शंका आहे."

"कृपेबद्दल, अण्णा?"

"कृपेबद्दल नाही. अहवालात कोंबड्याचा उल्लेख राहून गेलाय. तेवढी दुरुस्ती करून अहवाल मंजूर करावा, असं सुचवतो."