ग्रंथालय तुमच्या खिशात

1967 च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले, वर्गानुसार अनुदान दिले. व्हॉट्सॲपने ग्रुप दिला. वाचक पायरी चढत नाही ना, मग ग्रंथालयच त्याच्या खिशात शिरले! सकाळी गुलाबाचे फूल, दुपारी कुणाचा तरी वाढदिवस, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे डझनभर फोटो. फोटोत शाल, श्रीफळ, समई आणि सत्कारमूर्ती. पुस्तके मागे, काचेच्या कपाटात, कुलपात. एका बापड्याने ग्रुपवर विचारले, ‘मृत्युंजय गेलंय का?’ लगेच चौघांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली.

रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यातले चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याचे. तेव्हा फॉरवर्ड नव्हते, हे त्यांचे नशीब.

खरे तर नव्या पुस्तकांची मुखपृष्ठे टाकणे, मागणी नोंदवून घेणे, परतीच्या तारखेची आठवण देणे एवढे त्या ग्रुपवर आरामात होईल. त्यासाठी आधी ॲडमिनने फुले पाठवणाऱ्याला काढायला हवे. पण ॲडमिन म्हणजे कार्यवाह, आणि फुले तेच पाठवतात.