मुमताजचे सहा महिने

दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांखालून रविवारी बऱ्हाणपूर पाहायला निघणाऱ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो: शाही हमाम, मुमताज जिथे गेली तो किल्ला आणि परतताना मावा जिलेबी. फारुकी सुलतानांनी वसवलेल्या या शहराकडे आपण जणू ताजमहालाचं प्रतीक्षालय म्हणून पाहतो. १६३१ साली चौदाव्या बाळंतपणात मुमताज इथे वारली, सहाएक महिने तापीपलीकडे जैनाबादला दफन होती, मग तिला आग्र्याला नेलं. या सहा महिन्यांच्या मुक्कामावर सहा शतकांच्या शहराचा धंदा चालतो. फारुकींच्या जामा मशिदीत अरबीशेजारी संस्कृत शिलालेख कोरलेला आहे, पण त्यात रडणारा बादशहा नाही, म्हणून गर्दीही नाही.

कोणी म्हणेल, कथेशिवाय दगड पाहणार कोण? कबूल. मग इथल्याच कुंडी भंडाऱ्याची कथा काय वाईट आहे? १६१५च्या सुमारास सातपुड्यातून झिरपणारं पाणी अडवून, शंभराहून अधिक कुंड्या भुयाराने जोडून, निव्वळ उताराच्या जोरावर ते शहरात आणलं. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेत, पाणी अजून वाहतंय. ना मोटार, ना वीजबिल. ज्यांच्या वसाहतीचा संसारच हतनूर धरणाच्या पाण्यावर आणि कोळशाच्या वाफेवर चालतो, त्यांनी तरी तिथे दहा मिनिटं थांबायला हरकत नव्हती. पण भुयारात सेल्फी अंधारी येते, आणि जिलेबी गरम असतानाच खावी लागते.